राजीनाम्याची दुसरी प्रत



महाराष्ट्रातल्या खासगी शाळेतल्या शिक्षकाला नोकरी सोडायची असेल, तर राजीनामा दोन प्रतींत लिहावा लागतो. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा जो कायदा आहे, त्याचे सातवे कलम तसे सांगते. दोन्ही प्रतींवर सही करायची, तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाकडे पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. इतक्या साध्या गोष्टीसाठी विधिमंडळाला स्वतंत्र कलम लिहावे लागले. रुजू करून घेतानाच कोऱ्या किंवा तारीख नसलेल्या कागदावर सही घेऊन ठेवायची आणि शिक्षक नकोसा झाला की त्यावर तारीख टाकायची, ही शिक्षकांची फार जुनी तक्रार आहे. सही, तारीख आणि टपाल या तिन्ही गोष्टी कायद्याने शिक्षकाच्या हाती दिल्या, त्यामुळे राजीनामा निदान कागदावर तरी त्याचा स्वतःचा झाला.

कारणाचे मात्र कायद्याला काही करता आले नाही. पहिल्या प्रतीवर बहुतेक वेळा दोनच शब्द असतात : ‘वैयक्तिक कारणास्तव’. खच्चून भरलेला वर्ग, रात्री अकराला पालकांच्या गटावर येणारे संदेश, तीन महिने थकलेला पगार, वरिष्ठांनी मुलांदेखत केलेला पाणउतारा, बसलेला आवाज, रविवारी संध्याकाळपासून पोटात पडणारा गोळा, हे सगळे या दोन शब्दांखाली झाकले जाते. संस्थेला त्यातून काही कळत नाही, खात्याला कळत नाही आणि शिक्षकाच्या जागी जून महिन्यात जी नवी बाई येते तिलाही कळत नाही. आजचे बोलणे दुसऱ्या प्रतीबद्दल आहे. ती कोणाला दाखवायची नसते, म्हणून तिच्यावर खरे कारण लिहिता येते. सोडावे की राहावे, या प्रश्नाला घरचे, मित्र, सहकारी सगळे उत्तरे देतात. पण कारण नेमके लिहिल्याशिवाय त्यातले एकही उत्तर त्या शिक्षकाच्या उपयोगी पडत नाही.

मराठी समाजात शिक्षकाने नोकरी सोडणे व्रत मोडल्यासारखे मानले जाते. बँकेतल्या माणसाने नोकरी बदलली तर पेढे वाटतात आणि शिक्षिकेने सोडली तर ‘मुलांचं काय?’ असे विचारतात. हा भाव कुठून आला ते पाहायला पुण्यात, १८८० च्या आसपास जावे लागते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. पुढे त्यांची बदली पुण्याहून रत्नागिरीला झाली, आणि मालेतले परखड लेखन हेच तिचे कारण मानले जाते. १८७९ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले, त्यात चिपळूणकर आणि टिळक होते. आगरकर एम. ए. होऊन लवकरच येऊन मिळाले. महाराष्ट्रातल्या खासगी शिक्षणसंस्थांच्या परंपरेत ज्या शाळेकडे सगळे बोट दाखवतात, तिच्या पायाशी एका शिक्षकाचा राजीनामा आहे. शिक्षकी पेशाच्या त्यागाच्या गोष्टी सांगताना हे हमखास राहून जाते.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. आजीव सभासदांनी आयुष्याची उमेदीची वर्षे थोड्या वेतनावर संस्थेला द्यायची, असा नियम होता. महिना पंच्याहत्तर रुपये आणि आयुष्याचा विमा, एवढ्यावर पदवीधर माणसे राहिली. मराठी शिक्षकाच्या डोक्यावरचा त्यागाचा मुकुट तिथे घडला. पण ती माणसे आपसांत कशावरून भांडली? पगारावरून आणि वेळेवरून. वाढत्या संसाराला पगारात थोडी वाढ हवी, असे आगरकरांच्या बाजूचे म्हणणे होते. आजीव सभासदाने सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरची कामे आणि बाहेरची कमाई करू नये, असे टिळकांचे. १८९० मध्ये आजीव सभासद गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद, म्हणजे बाहेरचे काम, घेतले आणि वाद तुटेपर्यंत ताणला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. गणित आणि संस्कृत शिकवणारा हा प्राध्यापक गप्प निघून गेला नाही. कोणत्या तत्त्वावर आपण आलो, ते कुठे सुटले असे आपल्याला वाटते, हे त्यांनी सविस्तर लिहून दिले. त्यांची बाजू बरोबर होती की आगरकरांची, यावर मतभेद असू शकतो. एकंदरीत पाहता संसाराच्या खर्चाची बाजू मांडणारे आगरकर जास्त माणुसकीने बोलत होते, असे प्रस्तुत वक्त्याला वाटते. पण कारण लिहून सोडण्याचा धडा टिळकांच्याच राजीनाम्यातून घ्यावा लागतो.

आगरकरांचे पुढे काय झाले, हेही त्याच शेजारी ठेवून पाहावे. टिळकांनी कॉलेज सोडले आणि ‘केसरी’ ठेवला. आगरकरांनी त्याआधीच, १८८७ मध्ये, ‘केसरी’ सोडला होता. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि कॉलेज मात्र सोडले नाही. दोघेही तरुणपणी कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र राहिलेले. दोघांनीही काहीतरी सोडले आणि काहीतरी धरून ठेवले. आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने ते आयुष्यभर हैराण होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. राहण्याचीही किंमत असते, ती कोणी हिशेबात धरत नाही.

ज्यांना सोडून जायला दुसरे घर नव्हते, त्यांचे काय? केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक म्हणून पाठ्यपुस्तकात येतात. ते शिक्षक होते हे क्वचितच सांगितले जाते. मुंबईत तुटपुंज्या पगारावर नोकऱ्या, प्लेगमुळे मुंबई सुटली, मग खानदेशात भडगाव आणि फैजपूर, १९०४ च्या सुमारास धारवाड. १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगनेच त्यांचा अंत झाला. एका शाळेतून दुसरीत जाणे ही त्यांची सुटका नव्हती. आज घड्याळी तासिका तत्त्वावर एकाच दिवशी दोन-तीन महाविद्यालयांत धावणारे नेट-सेट उत्तीर्ण तरुण प्राध्यापक त्याच वाटेवर आहेत. त्यांना ‘सोडा’ म्हणणे सोपे आहे, पण सोडण्यासारखे त्यांच्या हातात अजून काही आलेलेच नाही.

आणखी तीन माणसे इथे आणायला हवीत, कारण त्यांच्या राजीनाम्यांची कारणे एकमेकांपासून फार वेगळी आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. जागा तात्पुरती होती. वर्गात त्यांच्या व्याख्यानांना बाहेरच्या कॉलेजांतले विद्यार्थीही येऊन बसू लागले. त्याच कॉलेजात काही सहकाऱ्यांनी प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिण्याला हरकत घेतली. अपमान आणि यश दोन्ही एकाच इमारतीत होते. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली, ती लंडनला जाऊन अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी. पगारातून त्यासाठी पैसे साठवले होते, कमी पडले ते इतरांच्या मदतीतून उभे केले. नोकरीचा कालावधी त्यांनी आधीच एका कामाला बांधून टाकला होता. आणि शिकवणे? १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केले.

साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. छात्रालयाचे काम पाहताना मुलांची अंथरुणे झाडणे, भांडी घासणे, रोज हाताने लिहिलेले दैनिक काढणे, सगळे त्यांनी केले. शाळेत ते सुखी होते, असे त्यांचे विद्यार्थी सांगत आले. १९३० मध्ये त्यांनी शाळा सोडली, कारण बाहेर सविनय कायदेभंग सुरू झाला होता. त्यांना शाळेत काही सलत नव्हते, बाहेरचे काम मोठे वाटले. धुळ्याच्या, पुढे नाशिकच्या तुरुंगात ते सोबत्यांना गोष्टी सांगत राहिले, आणि ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगातच लिहिली गेली.

तिसऱ्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या या बाईंनी पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी केली. १९४५ मध्ये त्यांनी पक्की नोकरी सोडली आणि ताराबाई मोडक यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, म्हणून अंगणवाड्या आणि कुरणशाळा तिथे निघाल्या. पगार, पुणे, ओळखीची माणसे हे सगळे मागे राहिले आणि शिकवणे कितीतरी वाढले.

या तिघांच्या दुसऱ्या प्रती काढून पाहिल्या, तर पहिलीवर एक ठरवलेले काम, दुसरीवर एक हाक आणि तिसरीवर एक सहकारी दिसेल. ‘कंटाळलो’ हे कारण तिन्हींवर नाही. आजच्या शिक्षकाच्या प्रतीवर मात्र बहुधा तेच लिहिले जाईल, आणि म्हणून ते कारण हलके मानायचे का? अजिबात नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यांतल्या स्वयंसेवकांबद्दल लिहिले. इतरांसाठी मनापासून झटणारी माणसेच काही काळाने आतून रिकामी होतात, असे त्यांना दिसले. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात. पहिली, विश्रांतीनेही न जाणारा थकवा. दुसरी, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याबद्दलच येणारा कोरडेपणा. तिसरी, आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ही अवस्था नोंदवली आणि ती रोग म्हणून न नोंदता नोकरीच्या ठिकाणातून उद्भवणारी गोष्ट म्हणून नोंदवली. या नोंदीचा शिक्षकांनी आधार घ्यावा. कामाच्या जागी जे बिघडले, त्याचा दोष शिक्षकाने स्वतःच्या स्वभावावर घेऊ नये.

तीनपैकी दुसरी खूण शिक्षकाला सर्वांत जास्त घाबरवते. सकाळी परिपाठाला उभ्या असलेल्या मुलांकडे पाहून काहीच वाटत नाही, एखादे पोर रडत आले तर राग येतो, आणि मग स्वतःचीच शरम वाटते. हे कोणाशी बोलता येत नाही. बोलले पाहिजे. घरात ऐकून घेणारे कोणी नसेल, तर सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू आहे आणि मराठीतही बोलता येते. झोप पूर्ण गेली असेल, जगणे नको वाटत असेल, तर राजीनाम्याचा विचार पुढे ढकलून आधी डॉक्टर गाठावा. आजारपणात लिहिलेला राजीनामा आजारच लिहितो.

आता थकवा कशाचा आहे, ते पाहू. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा दिवस मोजला, तर शिकवण्याभोवतीची कामे थक्क करतात : यू-डायसची माहिती, सरलच्या नोंदी, आधार पडताळणी, पोषण आहाराचा हिशेब, संच मान्यतेची धास्ती, त्यात अतिरिक्त ठरलो तर समायोजन कुठे होईल ही चिंता, वर मतदार यादीचे काम. शिक्षणहक्क कायद्याचे २७ वे कलम सांगते, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत. पण निवडणुका हा अपवाद आपल्याकडे पाच वर्षांतून एकदा येत नाही. लोकसभा, विधानसभा, महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत असे वर्ष भरून जाते. खासगी शाळेत कामे वेगळी, भार तोच. वर्गात कॅमेरा, रोज अ‍ॅपवर टाकायचे गृहपाठ, स्नेहसंमेलनाची तीन महिने तयारी, प्रवेशाच्या हंगामात जाहिरातीची पत्रके.

शिक्षकाने एका आठवड्याच्या कामांपुढे दोन खुणा कराव्यात. जे केल्यावर दमलो तरी बरे वाटले ते एका बाजूला, जे केल्यावर जीव नकोसा झाला ते दुसऱ्या बाजूला. वर्गातले तास पहिल्या बाजूला आले, तर माणसाला शिकवण्याचा कंटाळा आलेला नाही, त्याला ती शाळा सोडायची आहे. मग बदली, दुसरी शाळा, दुसरे माध्यम, शिकवण्या, मुलांसाठी लेखन, प्रशिक्षण अशा बऱ्याच वाटा उघड्या असतात. वर्गातले तासच दुसऱ्या बाजूला आले, तेही सुट्टी घेऊन आल्यावरही आले, तर पेशा सोडण्याचा विचार प्रामाणिक आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. न आवडणाऱ्या वर्गात पंधरा वर्षे उभे राहणाऱ्या माणसाचे मुले काय देणे लागतात?

नवी मुंबईत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, शहर सेक्टरांत आखले गेले आणि शाळांसाठी भूखंड राखले गेले. त्यामुळे एकाच नोडमध्ये अनुदानित मराठी शाळा, महापालिकेची शाळा, केंद्रीय मंडळाची शाळा आणि आंतरराष्ट्रीय म्हणवणारी शाळा अशा जवळजवळ उभ्या आहेत. बेलापूर, खारघर, उलवे इथल्या शिक्षकांना दुसरी शाळा शोधणे मुरबाडच्या किंवा पोलादपूरच्या शिक्षकापेक्षा सोपे आहे. जानेवारी २०२४ मध्ये रेल्वे उरणपर्यंत गेली, त्यामुळे उरणच्या माणसालाही पर्याय वाढले. पण या शाळांतले पगार, सेवेचे संरक्षण, निवृत्तीनंतरची सोय यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अनुदानित शाळेतली जागा सोडून जास्त पगाराच्या शाळेत जाणाऱ्याने दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून वाचावेत.

कागदांबद्दल थोडे सविस्तर सांगितलेच पाहिजे, कारण शिक्षकांचे मोठे नुकसान तिथे होते. अनुदानित शाळेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन आहे. त्यांच्यासाठी राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत फार मोठे अंतर आहे. राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे राजीनामा दिला की मागची सेवा निवृत्तिवेतनासाठी धरली जात नाही. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाली असेल, तर तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि निवृत्तिवेतन मिळते. वीस वर्षांनंतर रागाच्या भरात राजीनामा लिहिणाऱ्याने आयुष्यभराच्या निवृत्तिवेतनावर पाणी सोडलेले असते. २००५ नंतरच्यांचे गणित वेगळे, त्यांच्या नावावर खात्यात प्रत्यक्ष किती जमा आहे ते आधी पाहावे.

खासगी शाळेतल्या शिक्षकाला उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळत नाही, हा गैरसमज अजून आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक उपदान कायद्यातल्या व्याख्येत बसत नाहीत असे म्हटले, म्हणून संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि तो ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला. खासगी शाळांनी त्याला आव्हान दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. सलग पाच वर्षे झालेल्या शिक्षिकेने हा हक्क सोडू नये.

सूचनेच्या मुदतीचेही नियम आहेत. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एक महिन्याची सूचना द्यायची. कमी पडलेल्या मुदतीचा पगार भरून लवकर जाता येते. सुट्टीत किंवा सुट्टी झाकली जाईल अशा रीतीने सूचना देता येत नाही. वर्षाच्या पहिल्या सत्रातल्या पहिल्या महिन्यातही देता येत नाही. मुलांची शाळा नुकतीच सुरू झालेली असताना त्यांचा शिक्षक जाऊ नये, एवढा विचार नियम करणाऱ्यांनी केला होता, तो योग्यच आहे. केंद्रीय मंडळाच्या शाळेत असाल तर नेमणूकपत्रात काय लिहिले आहे ते पाहून घ्यावे. आणि मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही शाळेच्या कपाटात ठेवू नयेत.

सोडणे आणि सोसणे यांच्या मध्ये तिसरी जागा आहे, ती बोलण्याची. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये एका छोट्या पुस्तकात मांडले, की बिघडलेल्या संस्थेपुढे माणूस निघून जातो किंवा आवाज उठवतो, आणि निष्ठा असली की निघून जाणे लांबते. निघून जाणे सोपे झाले की आवाज कमी होतो, हा त्यांचा मुद्दा या शहराला लागू पडतो. इथे शाळा बदलणे सोपे असल्याने शाळा सुधारण्याची मागणी मंदावते. उलट ज्यांना जाता येत नाही, त्यांनीच आझाद मैदान गाठले. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांतले शिक्षक वर्षानुवर्षे तिथे बसत आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरलेल्या वाढीव अनुदानाच्या टप्प्यासाठी पैसे द्या, म्हणून जुलै २०२५ मध्ये ते भर पावसात, चिखलात बसले. शिक्षणसेवकांचे प्राथमिकचे सहा हजारांचे मानधन २०२३ मध्ये सोळा हजारांवर गेले, तेही मागणी वर्षानुवर्षे लावून धरल्यामुळेच. या वाढीला दशकाहून जास्त काळ लागला, ही सगळ्यांनाच लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

आवाज उठवण्याची आणखी एक जागा, बेलापूरचे कोकण भवन, इथून जवळच आहे. विधान परिषदेच्या कोकण शिक्षक मतदारसंघाचा कारभार तिथूनच चालतो. राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाने शिक्षकांना स्वतंत्र मतदारसंघ दिला, महाराष्ट्रात अशा सात जागा आहेत. मत मात्र माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच आहे. पहिलीच्या वर्गात दिवसभर उभी राहणारी शिक्षिका यात नाही. प्राथमिक शिक्षकांचा भार सर्वांत जास्त आणि त्यांना विधान परिषदेत प्रतिनिधी नाही, ही घटनेतली उणीव दुरुस्त व्हायला हवी.

जगभर हीच ओरड आहे. युनेस्कोच्या अहवालाप्रमाणे प्राथमिक शिक्षकांचे पेशा सोडून जाण्याचे प्रमाण २०१५ मधल्या ४.६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ९ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. २०३० पर्यंत जगाला ४ कोटी ४० लाख नवे शिक्षक लागतील. त्यांतले बरेच जाणाऱ्यांच्या जागी लागतील. शिक्षक मिळवण्यावर जेवढा विचार होतो, तेवढा टिकवण्यावर होत नाही.

एक गट असा आहे ज्याच्या हातून निर्णयच सुटतो आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनही गेलेल्या याचिकांवर निकाल देताना, पहिली ते आठवीच्या कार्यरत शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा बंधनकारक ठरवली. ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची किंवा सक्तीची निवृत्ती घ्यायची. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सूट आहे, पण बढती नाही. ही परीक्षा महाराष्ट्रात २०१३ मध्ये सुरू झाली. त्याआधी रुजू झालेल्या, वीस-वीस वर्षे पाढे आणि वाचन शिकवलेल्या माणसांना आता पन्नाशीत दीडशे गुणांच्या पेपरात खुल्या प्रवर्गासाठी साठ टक्के मिळवायचे आहेत. शिक्षकाची पात्रता तपासली जावी यात वाद नाही. पण नेमताना लावलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्याला उतारवयात नव्या अटीवर घालवणे अन्यायाचे आहे, आणि शासनाने त्यांच्या तयारीची व्यवस्था स्वतःच्या खर्चाने करायला हवी होती.

शासन ती व्यवस्था करीपर्यंत या शहराला काही करता येण्यासारखे आहे. बेलापूर, नेरुळ, सीवूड्स इथे महापालिकेची विरंगुळा केंद्रे आहेत, वाचनालये आहेत आणि त्यांत येणाऱ्यांत निवृत्त शिक्षक भरपूर आहेत. कोणी आयुष्यभर गणित शिकवले, कोणी मराठी व्याकरण, कोणी अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर दोन तास या खोल्या परीक्षेला बसणाऱ्या शिक्षकांना द्याव्यात आणि निवृत्तांनी त्यांना शिकवावे. तिथेच कोणाला सेवापुस्तकातली नोंद तपासून हवी असेल, निवृत्तिवेतनाचे गणित मांडून हवे असेल, तर हेच लोक ते करून देऊ शकतात. सोडायचे की राहायचे, ही चर्चाही अशा खोलीत, ज्यांनी तीस वर्षे काढली त्यांच्यासमोर, मोकळेपणाने करता येईल. सप्टेंबर २०२७ पर्यंत मुदत आहे, आणि पहिला वर्ग या महिन्यातही सुरू करता येईल.